उलट्या आट्यांची गाडी

"काय मग, झाली का गाडी?" हा प्रश्न मंडळाच्या गणपतीत गेली चार वर्षं मला नियमाने विचारला जातो. आरती संपून प्रसाद हातात पडायचा अवकाश. विचारणाऱ्यांचा रोख अर्थात चौकशीपेक्षा चेष्टेकडे जास्त असतो. तेव्हा यंदा या सदरात दुसऱ्या कुणाच्या छंदाबद्दल लिहिण्याऐवजी घरच्याच गॅरेजचं शटर उघडते, म्हणजे सगळ्यांना एकदाच उत्तर मिळेल. गाडी झालेली नाही. पण चालू झाली आहे.

ती गाडी म्हणजे १९६८ सालची प्लिमथ रोड रनर. दोन दारं, समोर सलग बाकासारखी सीट आणि बॉनेटखाली ३८३ घनइंचांचं, म्हणजे सुमारे सहा हजार तीनशे सीसीचं व्ही-८ इंजिन. रेगेन्सबर्गमधल्या बहुतेक मराठी घरांची चूल गाड्यांच्या धंद्यावरच पेटते. १९८६ पासून इथे बीएमडब्ल्यूचा कारखाना आहे, त्याच्या आजूबाजूला सुटे भाग आणि इलेक्ट्रॉनिक्स बनवणाऱ्यांची रांग आहे, आणि दिवसभर गाडीतल्या सॉफ्टवेअरशी झगडून आलेली माणसं घरी आल्यावर गाडी हा शब्दही ऐकायला तयार नसतात. मीही त्यातलीच. पण या प्लिमथमध्ये एकसुद्धा ओळ सॉफ्टवेअर नाही. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, नाकाला कळतं. नवऱ्याला मी हेच कारण सांगितलं होतं. खर्चाचा आकडाही सांगितला होता, पण त्यावर इथे लिहीत नाही, कारण तोही हा अंक वाचतो.

मसल कार म्हणजे काय, हे गाड्यांच्या वाटेला न जाणाऱ्यांसाठी दोन वाक्यांत सांगते. मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवायचं, बाकी चैन सगळी काढून टाकायची आणि तरुणाच्या खिशाला परवडेल अशी किंमत ठेवायची. १९६४ च्या पॉन्टियॅक जीटीओपासून ही लाट सुरू झाली असं साधारण मानतात, पण चार वर्षांत त्या गाड्याही महाग होत गेल्या. म्हणून प्लिमथने १९६८ साली रोड रनर काढली. किंमत तीन हजार डॉलरच्या आत, खाली गालिच्याऐवजी रबराची चटई. कार्टूनमधल्या त्या पळणाऱ्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला मात्र कंपनीने वॉर्नर ब्रदर्सना पन्नास हजार डॉलर मोजले आणि हॉर्नही त्याच पक्ष्यासारखा बीप-बीप करणारा बसवला. पहिल्याच वर्षी जवळजवळ पंचेचाळीस हजार गाड्या खपल्या. आपल्याकडे ज्याला 'कामगाराची गाडी' म्हणता येईल अशीच ही होती. फरक एवढाच, की तिला पेट्रोल कामगाराच्या पगाराइतकं लागायचं.

अशी गाडी बव्हेरियात आली कशी, याचं उत्तर आपल्या गावाच्या उत्तरेला तासाभरावर आहे. ग्राफेनव्योर, फिल्सेक, होहेनफेल्स. ओबरफाल्त्समधले हे अमेरिकन लष्कराचे तळ. इथे बदली झालेल्या सैनिकाला स्वतःची एक गाडी सरकारी खर्चाने बोटीने आणता येत असे. एल्व्हिस प्रेस्ली १९५८ च्या नोव्हेंबरात ग्राफेनव्योरला सरावासाठी होता, ते तिथले लोक अजून कालपरवा घडल्यासारखं सांगतात. सैनिक परत गेले तरी काही गाड्या मागे राहिल्या. कुणी विकून टाकल्या, कुणाच्या बिघडल्या आणि शेतकऱ्याच्या कोठारात गवताच्या गासड्यांमागे जाऊन बसल्या. आमची त्यातलीच एक. जाता जाता एक गंमत. फोर्डची मस्टँग जर्मनीत बरीच वर्षं मस्टँग या नावाने विकताच येत नव्हती. ते नाव आधीच क्रुप कंपनीच्या ट्रकसाठी राखलेलं होतं. म्हणून सत्तरच्या दशकाच्या शेवटापर्यंत जर्मनीतल्या मस्टँगला टी-५ म्हणत. आज तोच टी-५ चा बिल्ला असेल तर इथले शौकीन जास्त पैसे मोजतात.

आपल्या रेगेन्सबर्गची स्वतःचीही एक अजब गाडी आहे, तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. विमानं बनवणाऱ्या मेसरश्मिटला युद्धानंतर विमानं बनवायची बंदी होती. तेव्हा फ्रिट्झ फेंड या इंजिनिअरची तीन चाकांची काबिनेनरोलर १९५३ पासून इथल्या कारखान्यात बनू लागली. एकामागे एक अशी दोन माणसं बसायची, वर विमानासारखं पारदर्शक झाकण. तिच्या केआर २०० या मॉडेलचं इंजिन १९१ सीसीचं. आमच्या प्लिमथच्या एका इंजिनात अशी बत्तीस बसून वर जागा उरेल. तिला रिव्हर्स गिअर नव्हता. इंजिन बंद करायचं आणि उलट्या दिशेने फिरेल असं पुन्हा चालू करायचं, मग तेच चारही गिअर मागे जायला वापरायचे. उलटं फिरण्याचा हा विषय पुढे पुन्हा येणार आहे.

आता बाबांकडे येते, कारण ही गाडी त्यांच्याशिवाय कोठारातून गॅरेजात आली तशीच राहिली असती.

माझे वडील एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये त्यांनी फिटर म्हणून पस्तीसेक वर्षं काढली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी. १९४७ पासून तिथे क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जोडल्या जात. त्याआधी, १९२८ पासून, शिवडीला जनरल मोटर्स शेव्हर्ले जोडत होती. म्हणजे अमेरिकन गाडी ही मुंबईच्या कामगाराला सिनेमातली गोष्ट नव्हती, ती त्याच्या हाताखालून जात होती. बाबा कामाला लागले तेव्हा कारखान्यात फियाटचा जमाना सुरू झाला होता, पण डॉज आणि फार्गोचे ट्रक होते आणि जुन्या प्लिमथ, डॉज दुरुस्तीला येतच असत. आज त्या जागेवर कोहिनूर सिटीचे टॉवर आहेत. बाबा रिक्षातून तिथून जाताना अजूनही उजवीकडे मान वळवून गेट शोधतात.

यंदा मे महिन्यात ते नव्वद दिवसांच्या व्हिसावर आले. गुडघ्यांमुळे आता त्यांना गाडीखाली शिरता येत नाही. म्हणून गॅरेजात एक उंच स्टूल ठेवलं, गार वाऱ्यासाठी कानटोपी ठेवली (जूनमध्ये, शेजारी पाहतच राहिले) आणि ते स्टुलावर बसून हुकूम सोडू लागले. पहिलाच हुकूम चाकांचा. पुढचं डावं चाक काढायला मुलगा पाना लावून उभा राहिला. चौदा वर्षांचा आहे, अंगात ताकद आहे, नेहमीसारखा घड्याळाच्या उलट दिशेने जोर लावणार तेवढ्यात बाबा ओरडले, "थांब! कुठल्या बाजूचं चाक आहे?"

"डावं, आजोबा."

"मग उलटे आटे असतील. घड्याळाच्या दिशेने फिरव. क्रायस्लरची गाडी आहे ना ही?"

खरंच तसं होतं. क्रायस्लर कंपनी आपल्या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलट्या आट्यांचे नट देत असे. गाडी पुढे जाताना डावं चाक बाहेरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. त्या फिरण्याने नट आपोआप सैल होऊ नयेत, ही त्यामागची समजूत. बाकीच्या कंपन्यांचं साध्या आट्यांवर सुखाने चाललं होतं, पण क्रायस्लरने सत्तरच्या दशकापर्यंत हा हट्ट सोडला नाही. स्टडच्या टोकावर बारीकसा 'एल' कोरलेला असतो, पण पन्नास वर्षांच्या गंजाखाली तो कोण पाहणार? मागच्या डाव्या चाकाचे दोन स्टड आमच्या आधी कुणीतरी जोर लावून तोडलेलेच होते. बाबांनी त्या तुटक्या टोकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "कुर्ल्याला नवीन पोरगा आला की त्याची परीक्षा याच्यावरच व्हायची."

दुसरी गोष्ट मापांची. अमेरिकन गाडी सगळी इंचात, आणि जर्मनीतला प्रत्येक पाना मिलिमीटरमध्ये. अर्ध्या इंचाच्या बोल्टला तेरा मिलिमीटरचा पाना जेमतेम बसतो, पण बसतो म्हणून लावला की बोल्टचे कोपरे गोल होतात आणि मग रडत बसावं लागतं. मी अपूर्णांकांचा तक्ता भिंतीवर लावला होता. बाबांनी त्याकडे पाहिलंही नाही. ते म्हणाले, "चार सुती दे." इंचाचे आठ भाग, प्रत्येक भाग एक सूत. अर्धा इंच म्हणजे चार सुती, पाच अष्टमांश म्हणजे पाच सुती, नऊ सोळांश म्हणजे साडेचार सुती. दशमान पद्धतीत वाढलेल्या माझ्या मुलाला अपूर्णांकांचं इंग्रजी कोष्टक समजायला महिना लागला असता. सुतांचं गणित त्याला एका संध्याकाळी आलं. आता तो पान्यांच्या पेटीवर देवनागरीत आकडे लिहून मोकळा झाला आहे, आणि कुणी मित्र आला की ते त्याला जर्मनमध्ये समजावून सांगतो.

त्याच्या मराठीचं काय झालं तेही सांगायला हवं, कारण अनेक घरांतला हा विषय आहे. आमच्याकडे मराठी समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. शनिवारच्या वर्गात मोर, पोपट, दिवाळी आणि शिवाजी महाराज झाले, पण त्या शब्दांनी रोजच्या दिवसात करण्यासारखं काही नसतं. गॅरेजात मात्र धर, सोड, आवळ, कस, ढिल दे, अलगद ठोक, सरळ धर, वाकडं जातंय, असे शब्द एकामागून एक आले आणि प्रत्येकाला लगेच काही तरी करून दाखवावं लागलं. 'आवळ' आणि 'कस' यांतला फरक मलाही सांगता आला नसता. बाबांच्या मते हाताने आवळतात आणि पान्याने कसतात. भाषाशास्त्रज्ञ काय म्हणतील माहीत नाही, पण सिलिंडर हेड बसवताना हा फरक उपयोगी पडतो.

घरी गाडी करायची ठरवणाऱ्यांनी इथले काही नियम आधीच ओळखून असावेत. रविवारी आणि सुटीच्या दिवशी आवाज बंद. ग्राइंडर तर सोडाच, हातोडासुद्धा नाही. सुरुवातीला याचा राग यायचा. मग रविवार हा घासण्या-पुसण्याचा आणि पिशव्यांवर चिठ्ठ्या लावण्याचा वार ठरला, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या गाडीचं काम रविवारीच झालं आहे. भाड्याचं गॅरेज असेल तर घरमालकाचा करार नीट वाचा. गॅरेज हे गाडी ठेवायला असतं, कारखाना काढायला नाही, असं कायदाही म्हणतो. लहान गॅरेजात घट्ट बंद डब्यांत वीस लिटरपेक्षा जास्त पेट्रोल साठवता येत नाही. वापरलेलं ऑइल मोरीत किंवा मातीत गेलं तर प्रकरण दंडापर्यंत जातं, पण नवीन ऑइल ज्याच्याकडून घेता त्याला तेवढंच जुनं परत घ्यावं लागतं. पावती जपून ठेवा. वेल्डिंग, ब्रेकची शेवटची तपासणी आणि रंग ही कामं परवान्याच्या वर्कशॉपकडे द्यावीत असं माझं स्पष्ट मत आहे. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचं शरीर हाच तिचा सांगाडा. मागच्या डिकीची जमीन आणि त्याखालचे दोन खांब मिठाने खाल्लेले होते. तिथला जोड कसा घातलाय यावर गाडीत बसणाऱ्यांचा जीव अवलंबून आहे. तिथे हौस चालत नाही.

खोलण्याबद्दल एकच सांगते. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो, काढल्यावर पिशवी, पिशवीवर तारीख आणि जागा. खोलायला आम्हाला सात आठवडे लागले. जोडणं चौथ्या वर्षीही चालू आहे. मध्येमध्ये धीर सुटला की मी दगडी पुलावर जाऊन उभी राहते. बाराव्या शतकातला तो पूल, ११३५ साली बांधायला घेतलेला. त्याची अलीकडची दुरुस्ती २०१० ला सुरू होऊन २०१८ ला संपली. ज्या गावाने एका पुलाला आठ वर्षं दिली त्या गावात माझ्या गाडीला कुणी हसू नये.

मागची सीट काढली तेव्हा तिच्या स्प्रिंगांत अडकलेला एक पिवळा पडलेला कागद निघाला. कारखान्यात गाडी जोडताना कोणती गाडी, कोणता रंग, कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स, हे सांगणारा हा कागद कामगार काम झाल्यावर जिथे जागा सापडेल तिथे खुपसून देत. उंदरांनी कोपरा खाल्लेला होता, पण आकडे शाबूत होते. बाबांनी तो चष्मा लावून शब्दन् शब्द वाचला आणि म्हणाले, "आपल्याकडे असा कागद मालाबरोबर फिरायचा. जेवणाच्या डब्याखाली ठेवायला घ्यायचो." त्या कागदामुळे खरा रंग कळला. त्यामुळेच घरात भांडणंही लागली.

पहिलं भांडण इंजिनाचं. इंजिन बाहेर काढलं होतं. पावणेतीनशे किलोच्या वरचं धूड, भाड्याच्या क्रेनला लटकलेलं. बाबा तारेच्या ब्रशने ब्लॉकची बाजू साफ करत होते. लोखंड ओततानाच त्यात महिना, दिवस आणि वर्ष उठावात येतं. तिथे ११ मार्च ६९ अशी तारीख निघाली. गाडी १९६८ ची. म्हणजे ती रस्त्यावर आल्यानंतर हे इंजिन ओतलं गेलं. प्रकार तोच, ३८३ च, पण तिचं स्वतःचं नव्हे. कधीतरी, कुठेतरी, कुणीतरी ते बदललं होतं.

ही बातमी ऐकून मला दोन रात्री झोप नव्हती. अमेरिकेत अशा गाड्यांच्या बाजारात गाडीचा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक जुळतो का यावर किंमत ठरते. जुळणाऱ्या आणि न जुळणाऱ्या गाडीच्या भावात मोठी दरी असते. म्हणजे एवढे कष्ट करून शेवटी कागदोपत्री आपली गाडी दुय्यम. मूळ इंजिन शोधायचं तर साठ वर्षांमागचा ब्लॉक अटलांटिकच्या अलीकडे आहे की पलीकडे, वितळून रेल्वेचे रूळ झालाय की काय, कोण सांगणार? मी बाबांना म्हटलं, "ही तिची स्वतःची गाडीच राहिली नाही."

बाबा शांतपणे ब्रश चालवत राहिले. मग म्हणाले, "अगं, कुणीतरी इंजिन बदललं म्हणूनच ही गाडी तुझ्यापर्यंत आली. नाहीतर तिकडेच भंगारात गेली असती. मुंबईत किती प्लिमथ, डॉज मी पाहिल्या, एकीतही कारखान्यातलं इंजिन उरलं नव्हतं. पेट्रोल महागलं, लोकांनी डिझेल टाकलं. मॅटाडोरचं इंजिन टाकलेली डॉज मी स्वतः चालवली आहे. गाडी चालत होती, माणसाचं पोट भरत होती. तिला तू काय म्हणशील?"

"त्याला आम्ही जुगाड म्हणतो, बाबा."

"म्हणा. मॅटाडोरचं इंजिन शेवटी तुमच्या मर्सिडीजचंच होतं."

हे त्यांचं खरं आहे. पुण्याच्या बजाज टेम्पोला ते डिझेल इंजिन बनवायचा परवाना डाइमलर-बेंझकडूनच मिळाला होता. बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की आता याही गाडीत एखादं तसलं बसवावं असं ते सुचवताहेत की काय, असं मला वाटलं.

इथला कायदा या बाबतीत काय म्हणतो, ते या वादात फार उपयोगी पडलं. जर्मनीत पहिल्या नोंदणीला तीस वर्षं झालेली, चांगल्या स्थितीतली आणि मूळ रूप जपलेली गाडी तज्ज्ञाच्या अहवालावर 'एच' अक्षराची नंबरप्लेट मिळवू शकते. १९९७ पासून ही सोय आहे. एच म्हणजे ऐतिहासिक. तिला वर्षाला सरसकट १९१ युरो कर. एरवी आमच्या इंजिनाच्या आकाराला आणि जुन्या धुराला सोळाशेच्या आसपास बसला असता. वर रेगेन्सबर्गच्या शहरभागात २०१८ पासून जे पर्यावरण क्षेत्र आहे, तिथेही एच-प्लेटला स्टिकरशिवाय जाता येतं. इंजिन त्याच प्रकारचं आणि त्याच काळातलं असेल तर क्रमांक जुळला नाही म्हणून जर्मन तज्ज्ञ अडवत नाही. साधारणपणे गाडीच्या पहिल्या दहा वर्षांत जे बदल होत असत, तेही मान्य करतो. मॅटाडोरचं डिझेल मात्र मान्य करणार नाही. म्हणजे कायद्याने माझी आणि बाबांची बरोबर मध्ये गाठ घातली.

बाबांना ही एच-प्लेटची कल्पना ऐकून मोठं नवल वाटलं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षं झाली की ती मोडीत. त्याच नियमाने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. बाबांच्या हातून त्या मालिकेतल्या किती गेल्या असतील, त्यांनाही मोजता येणार नाही. "तिकडे वीस वर्षांनी हाकलतात आणि इकडे तीस वर्षांनी सत्कार करतात," एवढंच ते म्हणाले. मुंबईची हवा, टॅक्सीचे लाखो किलोमीटर, हे सगळं मला दिसत होतं. पण त्यांच्यासमोर तो युक्तिवाद करावासा वाटला नाही.

१९६९ चं इंजिन ठेवायचं ठरलं. ब्रेकच्या बाबतीत मी मागे हटले नाही. कारखान्यातून ही गाडी चारही चाकांना ड्रम ब्रेक घेऊन आली होती. सोळाशे किलोंचं वजन आणि हे इंजिन. पुढे डिस्क ब्रेक त्या काळात जादा पैसे भरून मिळत होते, म्हणून तेच बसवले. मूळ कागदावर नाहीत, पण त्या काळात होते. मुलगा शेजारी बसणार आहे.

दुसरं भांडण रंगाचं, आणि ते जास्त तापलं. छपरावर आणि दारांवर कारखान्यातला रंग अजून आहे. विटलेला, काही ठिकाणी घासून तांबडा प्राइमर दिसणारा. डावं पुढचं मडगार्ड मात्र कधीतरी दुसऱ्या गाडीचं लावलेलं, भलत्याच रंगाचं. बाबांचं म्हणणं, सगळं खरवडून काढा, पुट्टी लावा, चकाचक रंग द्या. वरातीची गाडी निघावी तशी गाडी दिसली पाहिजे. माझं म्हणणं, जो रंग साठ वर्षं टिकला तो आपण का मारायचा? "लोक म्हणतील, एवढी वर्षं घालवून पोरीला रंग द्यायला पैसे उरले नाहीत," असं म्हणून ते दोन दिवस गॅरेजात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते रबिंग पॉलिशचा डबा घेऊनच. स्टूल छपराजवळ ओढलं आणि हातभर जागा घासायला घेतली. पांढुरक्या थराखालून रंग वर येऊ लागला. पूर्वीसारखा नाही, पण खोल. तीन दिवस ते छप्पर घासत होते. मडगार्डला कागदावरचा रंग द्यायचा, बाकी जसं आहे तसं, यावर तह झाला. बाबांच्या मते हा तह नसून तात्पुरती युद्धबंदी आहे.

जुलैमध्ये इंजिन बसवलं. त्यात कॅमशाफ्ट आणि लिफ्टर नवे होते. हायड्रॉलिक लिफ्टर असल्यामुळे टॅपेट सेट करायचे नव्हते, याचं बाबांना अतोनात दुःख झालं. "टॅपेटच नाहीत? मग मेकॅनिकने करायचं काय?" पण अशा नव्या कॅमची एक अट असते. पहिल्यांदा इंजिन चालू केलं की ते आयडलवर ठेवायचं नाही, लगेच दोन हजार आरपीएमला नेऊन वीस मिनिटं धरायचं. कमी वेगात कॅमच्या उंचवट्यांवर पुरेसं ऑइल उडत नाही आणि नवा कॅम काही मिनिटांतच झिजून बाद होतो. त्याआधी ऑइल पंप हाताने फिरवून सगळीकडे ऑइल पोचवायचं. डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून अडीच सुती षटकोनी सळई घालायची, तिला ड्रिल लावायचं आणि ड्रिल उलटं फिरवायचं. हेही उलटं. मुलगा म्हणाला, "आजोबा, या गाडीत सरळ काही आहे का?"

सायलेन्सरच्या पाइपांसह वीस मिनिटं व्ही-८, तेही जर्मन वस्तीत. आठवडाभर आधी आम्ही बारा घरांच्या टपालपेट्यांत चिठ्ठ्या टाकल्या. शनिवारी सकाळी दहा ते साडेदहा आवाज होईल, क्षमस्व, नंतर कॉफी आणि केक. केक नवऱ्याने केला. चकल्याही ठेवल्या. गाडी ढकलून अंगणात आणली, अग्निशामक जवळ ठेवला. मुलगा स्टिअरिंगवर, मी कार्बुरेटरपाशी, बाबा डिस्ट्रिब्युटरवर हात ठेवून. पहिल्या दोन प्रयत्नांत फक्त मोठा फटका आणि कार्बुरेटरातून ज्वाळेची जीभ. बाबांनी डिस्ट्रिब्युटर दोन बोटं फिरवला. कुठल्याही यंत्राशिवाय, डोकं बाजूला कलवून, ऐकत. तिसऱ्यांदा पेटलं.

तो आवाज मी कागदावर लिहू शकत नाही. समोरच्या घराच्या खिडकीच्या काचा वाजत होत्या. दहा मिनिटांनी शेजारचे आजोबा बागेतली खुर्ची घेऊन आले आणि कुंपणापाशी बसले. त्यांचं लहानपण ग्राफेनव्योरजवळच्या गावात गेलेलं. रविवारी चर्चबाहेर अमेरिकन सैनिकांच्या गाड्या याच आवाजात जायच्या, असं त्यांनी मला ओरडून सांगितलं. बाबांना जर्मन येत नाही, त्यांना इंग्रजी येत नाही. वीस मिनिटं दोघं एकमेकांशेजारी बसून इंजिनाकडे पाहत होते. शेवटी बाबांनी त्यांना चकली दिली.

वीस मिनिटं झाली, इंजिन बंद केलं. दोन ठिकाणी ऑइल झिरपत होतं, एक पाण्याची नळी सैल होती. बाबा म्हणाले, "कस."

पाच ऑगस्टला ते परत गेले. नव्वद दिवसांची मुदत, त्यावर एक दिवस मिळत नाही. आता दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मुलगा फोन इंजिनाजवळ धरतो आणि ते ऐकून सांगतात, डाव्या बँकेत एक सिलिंडर मागे पडतोय, प्लग बघ. तीन वेळा सांगितलं, दोनदा बरोबर निघालं. (रविवारी इंजिन चालू करता येत नाही, म्हणून शनिवारी रेकॉर्ड करून ठेवावं लागतं.) मडगार्ड रंगाला गेलं आहे. मागचे ब्रेक, वायरिंगचा मागचा भाग आणि वायपर बाकी आहेत. वायपरला तर अजून हात लावलेला नाही. अहवालासाठी तज्ज्ञाची वेळ पुढच्या मे महिन्यात मिळाली आहे. बाबांचा व्हिसाचा अर्ज त्याच सुमाराला करायचा आहे. गुडघ्याचे डॉक्टर काय म्हणतात त्यावर ते अवलंबून.

त्यांनी जाताना मुलाकडून एक पुठ्ठा लिहून घेतला आणि स्वतःच्या हाताने स्टिअरिंगला सुतळीने बांधला. हिवाळ्याची चाकं बदलायला गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती गेली तर उपयोगी पडावा म्हणून. वर जर्मनमध्ये आहे, खाली इंग्रजीत. सगळ्यात खाली, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहिलं आहे: डावीकडचे नट उलटे. आधी विचार, मग जोर लाव.